चौसाळ्याची घागर आणि जपानी वाडगा

पुण्यातील एका लहानशा कलादालनात हाताने घडवलेल्या भांड्यांचे प्रदर्शन होते. सगळी धाटणी जपानी. चहाचे वाडगे, एखादेच फूल ठेवण्यासाठी उभट पात्रे, राखेच्या ओघळांनी रंगलेल्या सुरया. आमच्याबरोबर चौसाळ्याचे एक विज्ञानशिक्षक होते. चौसाळा हे बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. त्यांनी एक वाडगा उचलला, उलटासुलटा करून पाहिला. कड किंचित वाकडी होती, बुडाशी बोटांचे ठसे तसेच होते. किमतीची चिठ्ठी वाचून ते म्हणाले, "आमच्याकडची घागर याहून सुबक असते. एवढ्या पैशांत अख्ख्या आळीला उन्हाळ्याचे माठ येतील. तुम्ही शास्त्रज्ञ मंडळी आहात, सांगा बरं, या मातीत असं काय आहे?"

प्रश्न साधा होता. उत्तर शोधताना मात्र आम्हांला रसायनशास्त्र, भूशास्त्र आणि इतिहास या तिन्हींचे दार ठोठवावे लागले.

प्रथम आग म्हणजे काय करते ते पाहू. वाळलेले कच्चे मडके पाण्यात टाकले तर त्याचा पुन्हा चिखल होतो. भाजलेल्या मडक्याचा होत नाही. सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला मातीच्या खनिजांच्या रचनेत बांधलेले पाणी निघून जाते. हा बदल उलट फिरत नाही. आपला कुंभार शेण्या, काटक्या, पाचट यांचा थर लावून आवा पेटवतो. त्यात माती साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापते. मातीचे कण एकमेकांना चिकटतात, पण त्यांच्यामधल्या फटी राहतात. म्हणून मडके पाझरते. तापमान १२०० अंशांच्या पुढे नेले, की योग्य मातीतला काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि फटी भरून काढतो. असे भांडे पाणी शोषत नाही. प्रदर्शनातील वाडगा या दुसऱ्या जातीचा. ही जात आपल्याला परकी नाही. आजीच्या फडताळातली लोणच्याची बरणी याच कुळातली.

मग चौसाळ्याच्या कुंभाराने आग वाढवली तर वाडगा होईल का? होणार नाही. याचे कारण त्याच्या पायाखालच्या खडकात आहे. बालाघाटाचा हा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या काळ्या खडकावर वसला आहे. त्या खडकाच्या झिजेतून आलेल्या मातीत लोह आणि चुना भरपूर. हे पदार्थ माती लवकर वितळवतात. १२०० अंशांना ही भांडी फुगतील, वाकतील, शेवटी बसतील. शिवाय काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते. म्हणून कुंभार नदीकाठचा गाळ, राख, लीद असे काहीबाही प्रमाणात मिसळून तिला वळण लावतो. हे प्रमाण कोठे लिहिलेले नाही, ते हाताला ठाऊक असते. याउलट चंद्रपूरकडे कोळशाच्या थरांच्या सोबतीने आग सोसणारी माती सापडते. तेथे भद्रावतीला १९५० च्या दशकात कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारकामाचे शिक्षण व सुधारणा हे त्याचे मुख्य काम ठरवले. महाराष्ट्राचा भूशास्त्रीय नकाशा आणि भांड्यांचा नकाशा शेजारी ठेवून पाहावेत. बरेच काही उलगडते.

आपल्या मातीतही कौशल्याची उणीव कधी नव्हती. संगमनेरजवळ जोर्वे येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले. तेथील तांबड्या, काळ्या नक्षीच्या भांड्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीला नाव मिळाले. इ. स. पूर्व १४०० च्या सुमारास सुरू झालेल्या त्या संस्कृतीची भांडी चाकावर घडवलेली, पातळ अंगाची आहेत. वाजवली तर धातूसारखा नाद देतात. त्याच संस्कृतीच्या इनामगाव येथे कुंभाराची गोल भट्टीही सापडली. चौसाळ्याहून दक्षिणेला धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथातले तगर ते हेच. सातवाहनकाळी तेथे दोन साच्यांत पांढऱ्या मातीच्या मूर्ती घडवत. म्हणजे शिक्षकांच्या गावच्या घागरीमागे तीन हजार वर्षांची परंपरा आहे.

आता जपानकडे वळू. तेथील डोंगराळ भागात आग सोसणारी माती मिळत असे आणि जळणाला लाकूड होते. उतारावर एकामागून एक कोठड्या बांधलेली भट्टी कोरियातून तेथे आली. खालच्या कोठडीतली तप्त हवा वरच्या कोठडीत शिरते, त्यामुळे उष्णता वाया न जाता पुन्हा कामी येते. उघड्या आव्यात ती आकाशात निघून जाते. ही विद्या सगळीच सुखाने आली असे नाही. १५९२ ते १५९८ या काळात जपानने कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि तेथील अनेक कुंभार पकडून आणले. अरिता गावी सतराव्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या चिनी मातीची भांडी होऊ लागली, त्यांचे श्रेय अशाच एका कोरियन कुंभाराला देतात.

किमतीचे रहस्य मात्र मातीत किंवा आगीत नाही, ते पाहणाऱ्याच्या नजरेत आहे. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्याने झगमगीत भांडी दूर सारून साधी, ओबडधोबड भांडी पसंत केली. क्योतोच्या एका मंदिरात 'किझाएमोन' नावाचा वाडगा जपून ठेवला आहे. तो जपानची राष्ट्रीय संपदा गणला जातो. मुळात तो कोरियातील साध्या माणसांच्या रोजच्या वापरातला वाडगा. घडवणाऱ्याचे नाव कोणाला माहीत नाही. भांड्याला मिळालेले नाव एका मालकाचे आहे! यानागी सोएत्सू या विचारवंताने १९२० च्या दशकात अशा अनामिक कारागिरांच्या वस्तूंसाठी चळवळ उभारली आणि १९३६ साली तोक्योत त्यांचे संग्रहालय काढले. हीच दृष्टी भारतातही आली. गुरचरण सिंग हे भूशास्त्राचे पदवीधर १९१९ साली कुंभारकाम शिकायला जपानला गेले आणि पुढे दिल्लीत त्यांनी आपली कर्मशाळा उभारली. डेबोरा स्मिथ जपानमध्ये शिकल्या होत्या. त्यांनी व रे मीकर यांनी १९७१ साली पुदुच्चेरीत जी कर्मशाळा काढली, तिच्यातून कुंभारकलावंतांची एक पिढी तयार झाली. आपल्या दालनांत दिसणारी जपानी धाटणी बरीचशी या वाटांनी आली.

आपल्याकडे कुंभार हा बलुतेदार. वर्षभर लागतील तशी भांडी द्यायची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. घागरीला वेगळी किंमत नव्हती, तेव्हा घडवणाऱ्याची सही तरी कोठून असणार? बलुते गेले, स्टीलचा हंडा आणि प्लॅस्टिकची घागर आली. बाजारात उतरताना कुंभाराकडे मोलाची सवयही नव्हती आणि नावही नव्हते. अपवाद आहेत. बिहारच्या कुंभार घराण्यात जन्मलेले ब्रह्मदेव राम पंडित यांनी भाईंदरला राहून उच्च तापमानाची भांडी घडवली आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माती आणि आग बदलली, हात तोच होता.

तरीही घागरीने वाडगा व्हावे असे आम्ही म्हणणार नाही. त्या वाडग्याला जे कधीच जमणार नाही, ते माठाला जमते. माठात १० लिटर पाणी आहे असे समजा. पाझरून त्यातले १०० मिलिलिटर बाष्प झाले, तर त्याला सुमारे २४० किलोज्यूल उष्णता लागते. ती सगळी आतल्या पाण्यातून घेतली गेली, तर पाणी सुमारे ६ अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात बाहेरूनही उष्णता येत राहते, पण तत्त्व हेच. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे काम झपाट्याने होते, कोकणच्या दमट हवेत मंद. ज्या फटींमुळे घागर 'हलकी' ठरते, त्याच फटींवर तिचे काम चालते.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. माठाची एक खापरी आणि फुटक्या बरणीचा एक तुकडा घ्या. दोन्ही उन्हात चांगले वाळवून तोला. रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. वाढलेले वजन शेकड्यात मांडा. खापरीने बरेच पाणी प्यायलेले दिसेल, बरणीच्या तुकड्याने जवळजवळ नाही. मग गावातल्या कुंभारदादांना वर्गात बोलवा. माती कोठून आणता, तिच्यात काय मिसळता, आवा तयार झाला हे कशावरून ओळखता, हे मुलांना विचारू द्या. उत्तरे वहीत लिहून ठेवा आणि वर सांगणाऱ्याचे नाव व तारीख घाला.

चौसाळ्याच्या शिक्षकांना आम्ही हे सारे पत्राने कळवले. शेवटी एवढेच लिहिले, की वाडग्याच्या किमतीत मातीचा वाटा थोडा आणि कोणीतरी चारशे वर्षे निरखून पाहिल्याचा वाटा मोठा आहे. आपल्या घागरीकडे तसे पाहणे अजून व्हायचे आहे. तिचे प्रमाण जाणणारे हात गावात आहेत तोवर ते झाले, तर बरे.