मध, शिफा आणि सरतान

घरात कुणाला कॅन्सर झाल्याचे कळले की भेटायला येणारे नातेवाईक फळांबरोबर सल्लेही घेऊन येतात. त्यातला एक सल्ला हमखास ठरलेला: "केमो वगैरे नंतर बघा, आधी मध सुरू करा. कुरआनमध्येच शिफा सांगितली आहे." आता तर "कॅन्सरसाठी खास" म्हणून विकला जाणारा महागडा मधही मिळतो. सल्ला देणाऱ्याची नियत चांगलीच असते, पण या सल्ल्यापायी उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात. म्हणून मधाचा औषधी इतिहास जरा नीट पाहू या.

इजिप्तमध्ये सापडलेला एडविन स्मिथ पपायरस हा वैद्यकीय दस्तऐवज इ. स. पूर्व १६००च्या आसपासचा आहे. त्यात जखमेवर मध आणि चरबी लावून पट्टी बांधायला सांगितले आहे. त्याच दस्तऐवजात छातीवर उठणाऱ्या, हाताला थंड लागणाऱ्या गाठींचेही वर्णन येते आणि तिथे उपचार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. मध हाताशी असूनही त्या वैद्याने गाठीसाठी त्याचे नाव घेतले नाही.

या रोगाच्या नावाची कथाही ऐकण्यासारखी आहे. ग्रीकांनी त्याला 'कार्किनोस' म्हणजे खेकडा म्हटले. गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, असे जालिनूसने त्याचे कारण दिले. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जालिनूसचे ग्रंथ अरबीत आणले. अरबीत खेकड्याला 'सरतान' म्हणतात. तोच शब्द पुढे उर्दूत आला. आपल्या मराठीतल्या 'कर्करोगा'तही खेकडाच बसला आहे.

अरबी वैद्यकात मधाला मोठे स्थान होते. माजून मधात कालवत, सिकंजबीन सिरका आणि मधापासून करत. 'अंगबीन' म्हणजे फारसीत मधच. पण सरतानपुढे हे हकीम काय म्हणत होते? कुर्तुबाचे अल-जहरावी (इ. स. ९३६ ते १०१३) हे त्या काळचे सर्वांत मोठे शल्यविशारद. जुना, वाढलेला सरतान आपण बरा करू शकलो नाही आणि दुसऱ्या कुणी केल्याचेही पाहिले नाही, हे त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले. इब्न सीना (इ. स. ९८० ते १०३७) यांनी 'अल-कानून'मध्ये गाठ लहान असतानाच, आजूबाजूच्या भागासकट कापून काढण्याचा विचार मांडला. म्हणजे आपल्या परंपरेतले मोठे हकीमही लवकर निदान आणि शस्त्रक्रिया यांच्याकडेच बोट दाखवतात.

मग सूरह नहलमधल्या शिफेचे काय? चौदाव्या शतकातले दमिश्कचे मुफस्सिर इब्न कसीर या आयतीच्या तफसीरमध्ये व्याकरणाचा एक मुद्दा नोंदवतात. आयतीत 'शिफा' हा शब्द 'अल' न लावता आला आहे. 'अल' लागले असते तर सगळ्या रोगांवरचा इलाज असा अर्थ झाला असता. तसे नाही, म्हणून मधात शिफा आहे, पण ती ठरावीक आजारांसाठी, असे तिब्बच्या काही जाणकारांचे मत ते देतात. सहाशे वर्षांपूर्वी एवढा बारीक विचार झालेला असताना आपण आज त्याच आयतीवरून ऑपरेशन पुढे ढकलावे, हे बरोबर नाही.

आता आधुनिक प्रयोगांकडे वळू. डोके आणि मानेच्या कॅन्सरला रेडिएशन दिले की तोंड येते, गिळवत नाही आणि वजन झपाट्याने उतरते. तंबाखू, गुटख्यापायी तोंडाचा कॅन्सर घरोघरी माहीत झालेल्या आपल्या महाराष्ट्रात हे दुखणे नवे नाही. २००३ साली मलेशियातील डॉक्टरांनी अशा ४० रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना रेडिएशनच्या १५ मिनिटे आधी, १५ मिनिटांनंतर आणि सहा तासांनंतर प्रत्येकी २० मिली मध दिला. मध घेणाऱ्यांत तीव्र स्वरूपात तोंड येण्याचे प्रमाण २० टक्के, तर इतरांत ७५ टक्के होते. मध घेणाऱ्यांचे वजनही अधिक टिकले. पुढे २०१२ साली मँचेस्टरमधील अभ्यासात न्यूझीलंडचा प्रसिद्ध मनुका मध १३१ रुग्णांमध्ये साध्या साखरेच्या पाकाशी ताडून पाहिला. दोन्हींत विशेष फरक आढळला नाही. तरी एकूण पुरावा पाहून, रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून मधाचा विचार करावा, अशी शिफारस २०२०च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आली. मात्र या दोन्ही अभ्यासांत रेडिएशन चालूच होते. मध सोबतीला होता, इलाज म्हणून नव्हे.

पोषणाचा हिशोबही करून पाहा. १०० ग्रॅम मधातून सुमारे ३०० कॅलरी मिळतात, पण प्रथिने अर्धा ग्रॅमही नाहीत. आजाराने झिजलेल्या शरीराला अंडी, डाळ, दूध, मासे हवेतच. अन्न उतरत नसताना चमचाभर मध ताकद देतो, एवढे खरे. मधुमेह असेल तर तोही बेताने. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर कच्चा मध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण त्यात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. शुद्धतेचा प्रश्न आहेच. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तपासून घेतलेल्या १३ ब्रँडपैकी १० ब्रँड एका प्रगत चाचणीत नापास झाले होते.

तेव्हा पुढच्या वेळी आजाऱ्याला भेटायला जाताना मधाची बाटली जरूर न्या. पण सोबत विचारा: डॉक्टरांची पुढची तारीख कधी आहे, दवाखान्यात सोबत कोण जाणार आहे, पैशाची अडचण आहे का? आजारी माणसाला याचीही तेवढीच गरज असते.