मोटारसायकल भ्रमंतीसाठी हवेची गादी

हवेची गादी ही तंबूत जमिनीवर अंथरून हवेने फुगवायची आणि सकाळी हवा काढून गुंडाळून ठेवायची झोपण्याची गादी आहे. मोटारसायकलवरून दूरच्या प्रवासाला निघून वाटेत तंबू ठोकून मुक्काम करणारे स्वार तंबू आणि स्लीपिंग बॅग यांच्याबरोबर ती बाळगतात. घरी पाहुण्यांसाठी फुगवल्या जाणाऱ्या गादीपेक्षा ती अरुंद आणि हलकी असते व गुंडाळल्यावर पुष्कळच लहान होते. खरेदीच्या वेळी ग्राहकाचे लक्ष बहुधा जाडी आणि मऊपणा यांकडे जाते. थंड प्रदेशात मात्र झोप मोडते ती जमिनीच्या टणकपणाने कमी आणि शरीराची ऊब जमिनीत निघून गेल्याने अधिक. दुसऱ्या दिवशी घाटरस्त्यावर वाहन चालवायचे असल्याने अपुऱ्या झोपेचा प्रश्न मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत केवळ सुखसोयीचा राहत नाही.

इतिहास

हवा न गळणारे कापड तयार होऊ लागल्यावरच अशी गादी शक्य झाली. स्कॉटिश रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिन्टॉश याने १८२३ साली रबराचा थर दिलेल्या जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला रबराच्या व्हल्कनीकरणाची क्रिया सापडली आणि उन्हाने चिकट व थंडीने ठिसूळ होणारे रबर टिकाऊ बनले. रबरी कापडाच्या गाद्या पुढे दीर्घकाळ वापरात होत्या. त्या मजबूत असत, पण वजनदार आणि आतून थंड.

आधुनिक गादीची सुरुवात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे झाली. बोइंग कंपनीतून कामावरून कमी झालेले अभियंते जिम ली व नील अँडरसन यांनी जॉन बरोज यांच्यासह १९७२ मध्ये कॅस्केड डिझाइन्स ही कंपनी स्थापन केली. बागकाम करताना गुडघ्याखाली घेतलेल्या फोमच्या तुकड्यातून हवा बाहेर पडते हे लीच्या लक्षात आले. तोच फोम हवाबंद कापडात चिकटवला आणि त्याला व्हॉल्व्ह बसवला, तर आत शिरलेली हवा बाहेर पडणार नाही आणि फोम दबणारही नाही, अशी ती कल्पना होती. थर्म-अ-रेस्ट या नावाने ही स्वतःहून फुगणारी गादी बाजारात आली. याच कंपनीने २००९ मध्ये निओएअर ही गादी आणली. तिच्यात फोम नव्हता. आतील त्रिकोणी कप्पे आणि उष्णता परावर्तित करणारा पातळ पडदा यांच्या साहाय्याने तिने उष्णतारोध साधला. स्वित्झर्लंडच्या एक्सपेड कंपनीने पक्ष्यांची मऊ पिसे भरलेल्या गाद्या तयार केल्या.

प्रकार

आत काहीही नसलेली साधी गादी स्वस्त असते आणि फुगल्यावर सर्वांत गुबगुबीत दिसते. उष्णतारोधक गादीच्या कप्प्यांत कृत्रिम तंतू, पिसे किंवा परावर्तक पडदे असतात. स्वतःहून फुगणाऱ्या गादीत फोम असतो. ती विश्वासू असते, छिद्र पडले तरी फोमचा थोडा आधार उरतो, पण गुंडाळल्यावरही ती बरीच जागा व्यापते. बंद कोशिकांच्या फोमची चटई ही खरे तर हवेची गादी नव्हे, तथापि निवडीच्या वेळी तिचा विचार टाळता येत नाही. महाराष्ट्रातील गिर्यारोहक तिला सर्रास कॅरीमॅट म्हणतात. हे मूळचे कॅरिमोर या ब्रिटिश कंपनीच्या चटईचे व्यापारी नाव असून मराठीत ते सामान्यनाम होऊन बसले आहे.

उष्णतारोध

स्लीपिंग बॅगमधील पिसे किंवा तंतू शरीराच्या भाराखाली चेपले जातात आणि त्यांच्यात अडकलेली हवा निघून जाते. त्यामुळे पाठीखालच्या भागात बॅग फारशी ऊब देत नाही. ते काम गादीचे आहे. युरोपीय मानक ईएन १३५३७ आणि त्याच्या जागी आलेले आयएसओ २३५३७ यांनुसार बॅगेचे तापमान ठरवताना तापवलेला मानवी पुतळा बॅगेत घालून उष्णतारोधक चटईवर ठेवला जातो. म्हणजेच बॅगेवर छापलेला तापमानाचा आकडा खाली योग्य गादी आहे असे गृहीत धरूनच दिलेला असतो. महागडी बॅग घेऊनही रात्रभर कुडकुडणाऱ्या प्रवाशाच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे सापडते.

गादीचा उष्णतारोध आर मूल्याने सांगतात. आकडा जितका मोठा, तितकी उष्णता कमी निसटते. मेट्रिक पद्धतीत आर १ म्हणजे सुमारे ०.१७६ चौरस मीटर केल्विन प्रति वॅट. पूर्वी प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने हे मूल्य मोजत असे, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरे. २०१८ मध्ये एएसटीएम एफ३३४० हे मानक आले आणि २०२० पासून प्रमुख उत्पादक त्यानुसार आकडे देऊ लागले. या चाचणीत फुगवलेली गादी एका उष्ण व एका थंड पट्टीमध्ये ठेवून, उष्ण पट्टीचे तापमान टिकवण्यासाठी किती ऊर्जा लागते ते मोजतात. जुन्या किंवा मानकाचा उल्लेख नसलेल्या गादीवरील आकडा म्हणूनच जपून वाचावा लागतो.

या आकड्याचा अर्थ ढोबळ गणिताने स्पष्ट होतो. त्वचा आणि जमीन यांच्या तापमानात ३० अंशांचा फरक आहे आणि शरीराचा सुमारे ०.४ चौरस मीटर भाग गादीला टेकलेला आहे असे धरावे. कपडे व बॅग यांचा रोध सोडून केवळ गादीचा विचार केला, तर आर १ असलेल्या गादीतून जवळजवळ ६८ वॅट उष्णता जमिनीत जाते. आर ४ असल्यास तीच गळती १७ वॅटवर येते. झोपलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ७० ते ८० वॅट उष्णता निर्माण होते, हे लक्षात घेतले की फरकाचे गांभीर्य कळते.

जाडी आणि ऊब यांचा थेट संबंध नाही. साध्या गादीतील मोकळी हवा आतल्या आत फिरत राहते आणि वरची उष्णता खाली नेते. दहा सेंटिमीटर जाडीच्या अशा गादीचे आर मूल्य १ च्या आसपास असते, तर दोन सेंटिमीटर जाडीच्या घडीच्या फोम चटईचे सुमारे २ असते. निओएअरच्या एक्सलाइट एनएक्सटी या सुमारे साडेसात सेंटिमीटर जाड गादीचे मूल्य ४.५ आणि तेवढ्याच जाडीच्या एक्सथर्म एनएक्सटीचे ७.३ दिले जाते. दोन थरांच्या आर मूल्यांची बेरीज होते, त्यामुळे साधी गादी फोमच्या चटईवर अंथरणे हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

सह्याद्रीत किंवा कोकणकिनाऱ्यावर हिवाळ्यातही आर २ सामान्यतः पुरेसे होते. पुणे-मुंबईकडील अनेक स्वार उन्हाळ्यात ज्या मनाली–लेह मार्गावर जातात, तेथील परिस्थिती वेगळी आहे. सरचू सुमारे ४,३०० मीटर उंचीवर असून भर उन्हाळ्यातही तेथील रात्रीचे तापमान गोठणबिंदूजवळ येऊ शकते. तेथील तयार तंबूंत गाद्या-रजया मिळतात, पण स्वतःच्या तंबूत राहणाऱ्याने आर ४ किंवा त्याहून अधिकच घ्यावे. सह्याद्रीत वर्षानुवर्षे उत्तम चाललेली गादी लडाखमध्ये पहिल्याच रात्री अपुरी पडते, ती यामुळेच.

वजन आणि जागा

पाठीवर ओझे वाहणाऱ्या गिर्यारोहकाला प्रत्येक शंभर ग्रॅम मोजावे लागते. मोटारसायकलला अर्ध्या किलोने विशेष फरक पडत नाही. तिच्यावर टंचाई असते ती जागेची. त्यामुळे गिर्यारोहकांसाठीच्या अतिहलक्या, पातळ कापडाच्या महागड्या गादीचा मुख्य गुण येथे वाया जातो. थोडे जड पण जाड कापड स्वाराच्या अधिक उपयोगाचे. याउलट मोटारींसाठी बनवलेली दहा सेंटिमीटर जाडीची फोमची गादी झोपायला अप्रतिम असली, तरी तिची वळकटी एक अख्खी सॅडलबॅग अडवते.

गुंडाळलेल्या गादीची लांबी सॅडलबॅगेच्या आतील मापापेक्षा कमी आहे ना, हे दुकानातच पाहणे श्रेयस्कर. फोमची चटई बाहेर बांधता येते, परंतु तिची रुंदी पन्नास सेंटिमीटरच्या वर असते. ती मागील आसनावर आडवी आणि घट्ट बांधावी. सैल पट्ट्याचे टोक चाकात किंवा साखळीत अडकणे जिवावर बेतू शकते. गादी सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेत तळाशी ठेवू नये, कारण उष्णतेने कापडाचा थर सुटतो. स्टोव्ह, पेट्रोलचा डबा आणि हत्यारे यांच्याशीही तिचा संपर्क नसावा. दिवसभराच्या थरथराटाने पान्याची कड कापड घासून घासून भोक पाडते आणि ते रात्रीपर्यंत कळत नाही.

व्हॉल्व्ह बंद करून गुंडाळलेल्या गादीत उरलेली हवा चढणीवर प्रसरण पावते. मनालीची उंची सुमारे २,०५० मीटर, तर तांगलांग ला खिंडीची ५,३२८ मीटर आहे. एवढ्या चढाईत कोंडलेल्या हवेचे आकारमान जवळजवळ दीडपट होऊ पाहते. सकाळी मुश्किलीने कोंबलेली वळकटी दुपारी बॅगेची चेन ताणू लागते. म्हणून बांधताना हवा पूर्ण दाबून काढावी.

हवा भरणे

बहुतेक स्वारांकडे टायरमध्ये हवा भरण्याचा १२ व्होल्टचा पंप असतोच, आणि गादीलाही तोच चालेल असा समज असतो. तो चुकीचा आहे. टायरला २५ ते ३५ पीएसआय दाब लागतो आणि हवा थोडी लागते, तर गादीला दाब अगदीच कमी, साधारण अर्धा पीएसआय, आणि हवा मात्र पुष्कळ लागते. टायरचा पंप गादी भरायला फार वेळ घेतो, आणि त्याचे तोंड तिच्या व्हॉल्व्हवर बसतही नाही.

तोंडाने फुगवता येते, पण ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. दिवसभर वाहन चालवून दमलेल्या आणि उंचीची सवय नसलेल्या माणसाने तेथे वीस-पंचवीस दीर्घ श्वास सलग फुंकले तर भोवळ येऊ शकते. श्वासातील बाष्पही आत साठते. थंडीत त्याचा बर्फ होतो, कोकणच्या दमटपणात बुरशी धरते, आणि पिसांच्या गादीत तर ओलसर पिसे गोळा होऊन ऊबच संपते. यावर पंपपिशवी हा उत्तम उपाय आहे. चाळीस ते साठ लिटरची ही हलकी पिशवी हवेने भरून, तोंड मुडपून व्हॉल्व्हमधून दाबली की दोन-तीन वेळांत गादी भरते. तिला वीज लागत नाही, आणि तीच कपडे कोरडे ठेवायलाही वापरता येते.

संध्याकाळी टच्च फुगलेली गादी मध्यरात्री मऊ लागली म्हणजे ती गळतेच असे नाही. २५ अंश सेल्सिअसची हवा शून्य अंशापर्यंत थंड झाली की तिचे आकारमान सुमारे ८ टक्क्यांनी घटते. झोपण्यापूर्वी दोन फुंकर भरल्याने काम भागते. उलट, फुगलेली गादी बंद तंबूत उन्हात ठेवल्यास हवा प्रसरण पावून आतील कप्प्यांची चिकटवण सुटते. असे झाले की गादीला मधोमध फुगा येतो. हा बिघाड प्रवासात दुरुस्त होत नाही आणि बहुधा नंतरही नाही.

पंक्चर

दख्खनच्या माळावर बाभळीचे आणि बोरीचे काटे हे गादीचे मुख्य शत्रू आहेत. जागा हाताने साफ करून खाली जाड कापड अंथरणे आवश्यक असते, आणि फोमची चटई येथेही चिलखताचे काम करते.

गळती शोधण्याची रीत पंक्चरवाल्याचीच आहे. गादी फुगवून पाण्यात दाबावी किंवा तिच्यावर साबणाचा फेस फिरवावा, बुडबुडे येतात तेथे छिद्र. दुरुस्तीचे सामान मात्र वेगळे लागते. ट्यूबचे रबर सोल्युशन आणि ठिगळ रबरी कापडाला धरते. आजच्या बहुतेक गाद्या पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या असतात आणि त्यांना ते नीट चिकटत नाही. त्यांच्यासाठी युरेथेनचा डिंक आणि त्याच प्रकारचे ठिगळ हवे, पीव्हीसीच्या गादीसाठी पीव्हीसीचा. ठिगळ लावण्यापूर्वी जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी आणि डिंक वाळण्यास काही तास द्यावेत. त्यामुळे भोक रात्री सापडले तर ती रात्र बहुधा कपड्यांचा थर पसरूनच काढावी लागते. व्हॉल्व्हमध्ये अडकलेली वाळू हे गळतीचे आणखी एक कारण आहे. ते आधी तपासल्यास ठिगळाची वेळ अनेकदा येत नाही.

माप

सर्वसाधारण गादी सुमारे १८३ सेंटिमीटर लांब आणि ५१ सेंटिमीटर रुंद असते. पाठीवर झोपणाऱ्याला ही रुंदी चालते, पण हात बाहेर लोंबतात. कुशीवर झोपणाऱ्याने ६३–६४ सेंटिमीटर रुंदीची, किमान सात सेंटिमीटर जाडीची गादी घ्यावी, कारण पातळ गादीत कमरेचे हाड जमिनीला टेकते. दोन रुंद गाद्या लहान तंबूत शेजारी मावतीलच असे नाही. तंबूच्या तळाचे माप घेऊनच गादी निवडणे योग्य.

घरी ठेवताना फोमची गादी व्हॉल्व्ह उघडा ठेवून, न गुंडाळता पलंगाखाली पसरून ठेवतात. गुंडाळून ठेवलेला फोम पुढच्या हंगामात पुरता फुगत नाही.