शकुंतला आणि गोदो

मागच्या महिन्यात दोन विकांत घालवून मी गोदो नावाचं गेम इंजिन शिकलो. 'शिकलो' हा शब्द जरा धाडसाचाच आहे, तोंडओळख झाली म्हणू. दिवसभर ऑफिसात व्याजाचे हिशोब करणारा कोड वाचून डोकं शिणलं की काहीतरी हलणारं, पळणारं बनवावंसं वाटतं. पण बनवायचं काय? टोप्या घालून उड्या मारणारी माणसं सगळेच बनवतात. मी मूळचा दारव्ह्याचा, जिल्हा यवतमाळ. म्हटलं, चला, शकुंतला बनवू.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो. शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी नॅरोगेज गाडी. अंतर 113 किलोमीटर, रुळांमधली रुंदी अडीच फूट. वाटेत दारव्हा, कारंजा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीनं ही लाईन टाकली, ती वऱ्हाडातला कापूस मुख्य लाईनपर्यंत न्यायला. तिथून तो मुंबईला आणि पुढे बोटीनं विलायतेला जाई. गंमत बघा, कापूस मँचेस्टरच्या दिशेनं गेला आणि मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन इकडे आलं. त्या इंजिनानं सत्तरेक वर्षं गाडी ओढली. 1994 च्या एप्रिलमध्ये ते निवृत्त झालं आणि डिझेल आलं.

आता सॉफ्टवेअरमधल्या 'इंजिन'विषयी थोडं. पूर्वी प्रत्येक गेम पायापासून लिहायचे. चित्र कसं काढायचं, आवाज कसा वाजवायचा, टक्कर झाली हे कसं ओळखायचं, सगळं दरवेळी नव्यानं. 1993 मध्ये 'डूम' आला तेव्हा त्याच्या कर्त्यांनी गेम चालवणारा कोड आणि गेममधला माल (नकाशे, राक्षस, बंदुका) वेगळे ठेवले. साहजिकच दुसऱ्यांना वाटलं, तुमचं यंत्र आम्हाला भाड्यानं द्या, माल आमचा आम्ही भरू. 1998 चा 'हाफ-लाईफ' असाच 'क्वेक'च्या इंजिनात फेरफार करून बनला. पुढे 2005 मध्ये कोपनहेगनच्या पोरांनी युनिटी काढलं आणि इंजिन हाच धंदा होऊ शकतो हे आमच्यासारख्या हौशा-नवशांपर्यंत पोचलं.

गोदो मात्र अर्जेंटिनाचं. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी ते आधी स्वतःच्या कामासाठी बनवलं आणि 2014 मध्ये एमआयटी लायसन्सखाली सगळ्यांना खुलं केलं. नाव बेकेटच्या नाटकावरून, ज्यात दोघं जण गोदोची वाट बघत बसतात आणि तो काही येत नाही. दारव्ह्याच्या फलाटावर ज्यानं बालपण काढलंय त्याला हे नाटक समजावून सांगावं लागत नाही :)

पहिलं मत चांगलं झालं. एक फाईल उतरवली, उघडली, सुरू. ना इन्स्टॉलर, ना खातं उघडा, ना क्रेडिट कार्ड. भाषा पायथॉनच्या वळणाची. सगळं 'नोड'चं झाड, म्हणजे गाडीखाली डबा, डब्याखाली चाक. नंतर कळलं की आपण ज्यात काम करतोय तो एडिटरसुद्धा गोदोतच लिहिलाय. हे मला फार आवडलं.

दुसरं मत तितकं चांगलं नाही. मार्च 2023 मध्ये चौथी आवृत्ती आली आणि बरीच नावं बदलली. मी बघत होतो तो व्हिडिओ तिसऱ्या आवृत्तीचा. रुळावरून गाडी किती पुढे गेली याला तिथे 'ऑफसेट' म्हणतात, इथे 'प्रोग्रेस'. हे शोधण्यात शनिवारची अख्खी दुपार गेली. शिवाय वेग मोजताना दोन फ्रेममधल्या वेळेनं गुणायचं विसरलो. माझ्या लॅपटॉपवर शकुंतला रमतगमत चालली होती, मित्राच्या 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर राजधानी झाली!

खरी मजा डब्यांनी आणली. प्रत्येक डबा रुळावरच्या एकाच बिंदूला चिकटवला, तर वळणावर डब्याची टोकं रुळाबाहेर झुलायला लागली. तेव्हा ट्यूब पेटली की खरा डबा एका बिंदूवर नसतोच, तो दोन टोकांच्या दोन बोगींवर बसलेला असतो. मग दर डब्याला दोन बिंदू दिले, डबा मधोमध ठेवला आणि एकातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रेषेवर वळवला. गाडी शहाण्यासारखी वळली. लहानपणी शेकडो वेळा ही गाडी बघितली, पण चाकांकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते पस्तिशीत, तेही कॉम्प्युटरवर.

आता मुद्द्याची गोष्ट. 1951 च्या सुमारास बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण शकुंतलेचे रूळ कंपनीकडेच राहिले. गाडी भारतीय रेल्वेची, माणसं रेल्वेची, रूळ दुसऱ्याचे, आणि त्याबद्दल करारानं पैसे द्यायचे. ('अजून ब्रिटिशांच्या मालकीची रेल्वे' हा व्हॉट्सॅपवरचा लाडका मजकूर अर्धवट आहे. किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांकडे गेली.) रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, मग डागडुजीचा कळवळा कुणाला? रूळ झिजत गेले, गाडीचा वेग सायकलशी स्पर्धा करायला लागला, आणि शेवटी गाडी थांबलीच.

सप्टेंबर 2023 मध्ये युनिटीनं जाहीर केलं की 1 जानेवारी 2024 पासून ठराविक मर्यादेपुढे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितक्या वेळा फी. आधी बनून विकल्या गेलेल्या गेम्सच्या पुढच्या इन्स्टॉलनाही! ज्यांनी पाच-पाच वर्षं त्या रुळांवर गाडी बांधली होती त्यांचं धाबं दणाणलं. गदारोळ झाला, कंपनीनं माफी मागून अटी सैल केल्या, ऑक्टोबरात सीईओ गेले, आणि वर्षभरानं ती फी रद्दही झाली. पण अनेक जण तोवर गोदोकडे वळले होते. मी ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा दारव्हा आठवलं, गेम नंतर. रूळ आपले नसले की गाडीचं काय होतं हे आमच्याकडे लहान पोरालाही दिसत होतं.

गोदोत नावडती गोष्ट निघाली तर कोड समोर पडलाय, दुरुस्त करा. मी करेन का? बहुतेक नाही. पण कुणीतरी करू शकतं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा बाबांना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी पूर्ण फेरी बघितली.

"फाटकावर थांबून नाही राहिली हे?"

"कशाला थांबेल बाबा? फाटक बंदच दाखवलंय."

"अन् ते बंद कोन केलं? गाडीतला मानूस उतरे, फाटक लावे, गाडी पुढं जाऊन थांबे, मग तो फाटक उघडून मांगून पयत येऊन बसे. तुले नाही आठवत?"

मला आठवत नव्हतं. गोदोत एका नोडनं दुसऱ्याला कळवायचं असेल तर त्याला 'सिग्नल'च म्हणतात. त्या रात्री तो माणूस बनवला. गाडी फाटकाजवळ आली की सिग्नल, माणूस उतरतो, फाटक लावतो, गाडी पार, पुन्हा थांबते, तो उघडतो आणि धावत येऊन चढतो.

फेब्रुवारी 2024 पासून वर्धा-कळंब ब्रॉडगेज सुरू झालीय, ती लाईन यवतमाळवरून नांदेडला जायची आहे. ती गाडी कुणासाठी खाली उतरायची नाही, आणि तेच बरं. माझ्या गेममध्ये मात्र मित्राला अजून तक्रार आहे की यवतमाळहून मूर्तिजापूरला पोचायला फार वेळ लागतो. मी वेग वाढवलेला नाही.