बोलावणारे बुजगावणे

लहानपणी हुरड्याच्या दिवसांत मी शेतातल्या माळ्यावर बसून पाखरे राखली आहेत. ज्वारीची कणसे भरू लागली की पहाटेच गोफण घेऊन माळ्यावर चढायचे आणि घसा कोरडा पडेपर्यंत ओरडायचे. शेताच्या मधोमध बुजगावणे उभे असे. अंगात फाटका सदरा, डोक्याच्या जागी मडके. पाखरे दोन दिवस त्याला भ्यायची आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याच खांद्यावर बसायची. एवढ्या अनुभवावर पाखरांपासून पीक कसे राखावे ते आपल्याला कळते, अशी माझी समजूत होती. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मुलीकडे केंब्रिजला गेलो, तेव्हा ती मोडली.

मुलीच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने मला त्याचे शेत दाखवायला नेले. शेतात मोहरीच्या कुळातले ऑइलसीड रेप हे तेलबियांचे पीक होते. एका कोपऱ्यातल्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. हे काम वूड पिजनचे, म्हणजे तिकडच्या रानकबुतराचे. आपल्या पारव्यापेक्षा हा पक्षी चांगलाच मोठा, वजनाने अर्धा किलो. मानेवर पांढरा डाग आणि उडताना पंखांवर उठून दिसणारा पांढरा पट्टा. ब्रिटनमध्ये यांच्या सुमारे ५० लाख जोड्या आहेत.

शेतकऱ्याने कुंपणाच्या कडेला जाळी बांधून आडोसा केला होता. आत तो बंदूक घेऊन बसला, शेजारी मी. समोर पंचवीस-तीस पावलांवर त्याने प्लॅस्टिकची कबुतरे मांडली होती. साधारण घोड्याच्या नालासारखी मांडणी, बहुतेकांची तोंडे वाऱ्याकडे आणि मधली जागा मोकळी. कबूतर वाऱ्याला तोंड देऊन उतरते, त्याला उतरायला ही जागा हवी. बाजूला बॅटरीवर फिरणारे एक यंत्र होते. त्याच्या दोन लांब हातांना आधी मारलेली दोन कबुतरे पंख पसरून बांधलेली. ती गरगर फिरत, पंखांवरचे पांढरे पट्टे चमकत आणि दूरवरच्या थव्याला वाटे, आपले भाऊबंद इथे जेवायला उतरताहेत. जिथे चार जण चरताहेत तिथे धोका नाही, हा कबुतराचा हिशेब. त्याच हिशेबावर त्याला फसवायचे.

“आमचे बुजगावणे पाखरांना हाकलते, तुमचे बोलावते,” मी म्हणालो. तो हसला.

युक्ती जुनी आहे आणि आपल्याला परकीही नाही. पाळीव तितराला बोलते करून रानातले तितर फाशात आणण्याची पारध्यांची कला आपल्याकडे प्रसिद्ध होती. पण इंग्लंडात या युक्तीला सरकारी धोरणाचे बळ मिळाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांमुळे बाहेरून धान्य येणे अवघड झाले आणि देशातला दाणा न् दाणा मोलाचा ठरला. जिल्ह्याजिल्ह्यांत युद्धकालीन शेती समित्या नेमल्या गेल्या. ससे, उंदीर, कावळे यांच्याबरोबर रानकबूतरही पिकाचा शत्रू ठरले. त्यात मांसावर रेशन, ते १९५४ पर्यंत चालले. कबुतराला मात्र रेशनकार्ड लागत नसे. त्यामुळे पीकही वाचे आणि ताटात मांसही येई. युद्धानंतर सरकारने कबुतरे मारण्यासाठी काडतुसांच्या खर्चाचा निम्मा वाटाही उचलला.

या काळात आर्ची कोट्स नावाचा एक निवृत्त लष्करी अधिकारी हॅम्पशायरमध्ये कबुतरे मारण्यावरच पोट भरत होता. १९६२ च्या जानेवारीत त्याने एका दिवसात ५५० कबुतरे पाडली. पुढच्याच वर्षी त्याचे या विषयावरचे पुस्तक आले. आकडे मोठे होते आणि सगळ्यांना वाटत होते, एवढी मारली म्हणजे एवढी कमी झाली.

हा हिशेब तपासून पाहिला तो आर. के. मर्टन या सरकारी शास्त्रज्ञाने. केंब्रिजशायरमधल्या कार्लटन गावच्या शिवारात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे कबुतरे मोजली. त्याबरोबर कबुतरांचे हिवाळ्यातले अन्नही मोजले. त्या काळी ते मुख्यतः क्लोव्हर होते, आपल्या बरसीमच्या कुळातला चारा. निष्कर्ष सरकारला अडचणीचा निघाला. शिवारात जितका क्लोव्हर, तितकीच कबुतरे हिवाळा काढत. बाकीची उपासमारीने मरत, नाहीतर दुसरीकडे जात. म्हणजे जानेवारीत बंदुकीने जी मारली, त्यांतली बरीचशी फेब्रुवारीत भुकेने मरणारच होती. उलट ती गेल्यामुळे उरलेल्यांच्या वाट्याला जास्त पाने येत. वसंतात मोजावे तर संख्या तेवढीच! पुढे काडतुसांची ती मदत बंद झाली.

मग बंदुकीने कबूतर कधीच संपत नाही का? संपते, आणि त्याचा दाखला अमेरिकेत आहे. तिथल्या पॅसेंजर पिजनची संख्या अब्जावधी होती. त्याच्यासाठीही फसवा पक्षी वापरत, पण जिवंत. त्याच्या पापण्या शिवून त्याला एका छोट्या बैठकीवर बांधत. दोरी ओढून बैठक वरखाली केली की तो पंख फडफडवी आणि थवा खाली जाळ्यात उतरे. तारयंत्राने वसाहतीची बातमी पसरे, आगगाडीने शिकारी येत आणि आगगाडीनेच मेलेली पाखरे शहरांत जात. १८७८ मध्ये मिशिगनमधल्या पेटोस्की इथे घरट्यांच्या वसाहतीवरच अशी धाड पडली. हा पक्षी एका वेळी एकच अंडे घाली. जंगलेही तुटत होती. शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

युक्ती तीच, पण फरक वेळेचा. तिकडे वीण मोडली, इकडे हिवाळ्यातली जादा तोंडे कमी झाली. शिवाय रानकबूतर दोन अंडी घालते आणि वर्षातून अनेकदा वितेही. बांधलेला वा आंधळा केलेला जिवंत पक्षी आमिष म्हणून वापरायला ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून तर ती प्लॅस्टिकची कबुतरे.

गोष्टीला शेवटी आणखी एक वळण आहे. क्लोव्हर कमी झाला तशी कबुतरेही घटली. मग १९७० नंतर ऑइलसीड रेपचा पेरा वाढला. हे पीक ऐन हिवाळ्यात हिरवे असते. कबुतरांना नवे ताट वाढले गेले आणि संख्या पुन्हा चढली. वाढवली शेतकऱ्यानेच, त्याच्याही नकळत.

आडोशातून निघताना मी त्या शेतकऱ्याला विचारले, “इतकी वर्षे मारताय, कमी झाली का?”

“नाही,” तो म्हणाला.

“मग बसता कशाला?”

“हे पीक या आठवड्यात वाचावे म्हणून. आज इथून उठली की ती दुसरीकडे जातील.”

मला आमचा माळा आठवला. मी हाकललेली पाखरे शेजाऱ्याच्या ज्वारीवर बसत आणि शेजाऱ्याचा मुलगा ती आमच्याकडे पाठवी. गोफणीने पाखरे कमी होतात असे आजोबांनी कधी म्हटले नव्हते. ती आपल्या कणसावरून उठावीत, एवढेच त्यांचे मागणे होते. इंग्लंडच्या सरकारला तेच कळायला बरीच वर्षे, बरीच काडतुसे आणि एक मोजणारा माणूस लागला.