फ्लॅशबल्ब स्मृती

एखाद्या मोठ्या, अनपेक्षित सार्वजनिक घटनेची वार्ता आपल्याला कुठे, कोणाकडून आणि काय करत असताना कळली, याची वर्षानुवर्षे टिकणारी तपशीलवार आठवण. ही आठवण मूळ घटनेची नसते, वार्ता कानी पडल्याच्या क्षणाची असते. महात्मा गांधींवर दिल्लीत बिर्ला हाउसच्या आवारात गोळ्या झाडल्या गेल्या, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ती माहिती झाली. पण ‘ते कळलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती, बाबा बाहेरून आले आणि वहाणा न काढताच ओसरीवर बसून राहिले’, असे एखादी आजी सांगते तेव्हा ती फ्लॅशबल्ब स्मृती होय. प्रत्यक्ष आपत्तीत सापडलेल्यांच्या आठवणी या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत. किल्लारीच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून निघालेल्या माणसाच्या मनात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्या रीतीने राहते ती रीत निराळी आहे आणि तिच्याकडे निराळ्या जबाबदारीने पाहावे लागते.

अभ्यासाचा आरंभ : या आठवणींची पहिली पद्धतशीर नोंद १८९९ सालची आहे. अमेरिकी अभ्यासक एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह यांनी १७९ जणांना विचारले, की लिंकन यांच्या खुनाची बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता. लिंकन १८६५ मध्ये गेले होते, म्हणजे मधे तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. तरी १२७ जणांनी जागा, वेळ, बातमी सांगणारा माणूस असे तपशील दिले.

‘फ्लॅशबल्ब’ हे नाव १९७७ मध्ये रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी दिले. जुन्या कॅमेऱ्यावरचा दिवा क्षणभर लखकन पेटावा आणि समोरचे बरेवाईट सारेच छायाचित्रात उतरावे, तसे धक्क्याच्या क्षणी मेंदूत घडते, असे त्यांचे म्हणणे होते. ठिकाण, हातातले काम, बातमी देणारा, स्वतःची भावना, भोवतालच्यांची अवस्था आणि लगेच पुढे काय झाले, या सहा गोष्टी अशा आठवणींत पुन्हापुन्हा येतात, हे त्यांनी दाखवले. त्यांनी ८० जणांना प्रश्न विचारले होते. त्यांतले निम्मे कृष्णवर्णीय, निम्मे श्वेतवर्णीय. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची आठवण जवळजवळ प्रत्येकाकडे होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची मात्र कृष्णवर्णीयांपैकी तीनचतुर्थांश लोकांकडे, तर श्वेतवर्णीयांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांकडेच होती. कॅमेऱ्याचा सिद्धान्त पुढे टिकला नाही, हे निरीक्षण टिकले. बातमी सर्वांना सारखीच कळते, पण ज्यांचे माणूस गेलेले असते त्यांच्या मनात ती घर करते.

ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी नोव्हेंबर १९९० मध्ये राजीनामा दिला, त्यावर मार्टिन कॉनवे आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीतही हेच दिसले. सुमारे अकरा महिन्यांनंतर बहुतेक ब्रिटिश सहभागींची आठवण शाबूत होती. परदेशी सहभागींपैकी थोड्यांचीच तशी होती.

अचूकतेचा प्रश्न : अशा आठवणी चुकू शकतात, आणि सांगणाऱ्याला त्याची शंकाही येत नाही. उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाला आपल्याच आठवणीत ही गोम सापडली. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. नायसर तेव्हा लहान होते. रेडिओवर बेसबॉलचे समालोचन ऐकत असताना ते थांबवून बातमी सांगितली गेली, असे त्यांना अनेक वर्षे लख्ख आठवत होते. अमेरिकेत डिसेंबरात बेसबॉलचे सामने होत नाहीत, हे त्यांच्या लक्षात फार उशिरा आले. पुढे इतर संशोधकांनी दाखवले, की त्या दिवशी रेडिओवर अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता आणि खेळणाऱ्या संघांची नावे बेसबॉल संघांसारखीच होती. म्हणजे रेडिओ खरा, सामना खरा, थांबवलेले समालोचनही बहुधा खरे. खेळ तेवढा बदलला.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि आतले सातही जण गेले. नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच सकाळी एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. सुमारे अडीच ते तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. जवळपास चौथ्या हिश्श्याची उत्तरे मूळ उत्तरांशी कुठेच जुळली नाहीत. पूर्ण जुळणारे अगदी मोजके निघाले. विद्यार्थ्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला तरी जुनी आठवण परत आली नाही. अक्षर आपले आहे, पण घडले ते आत्ता आठवते तसेच, यावर काहीजण ठाम राहिले. या विषयावरच्या साऱ्या संशोधनात मला हा भाग सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. खोटे बोलण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर ११ सप्टेंबर २००१ रोजी हल्ला झाला. दुसऱ्याच दिवशी जेनिफर टालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या दोन आठवणी नोंदवल्या : एक ही बातमी कळल्याची, दुसरी त्याच सुमाराच्या एखाद्या साध्या प्रसंगाची. पुढच्या महिन्यांत दोन्ही आठवणी सारख्याच वेगाने विसविशीत होत गेल्या. साध्या प्रसंगाबद्दल ‘नक्की आठवत नाही’ असे विद्यार्थी म्हणू लागले. हल्ल्याच्या आठवणीवरचा भरवसा मात्र ढळला नाही. विल्यम हर्स्ट व सहकाऱ्यांनी त्याच घटनेचा दहा वर्षे माग काढला. त्यांच्या मते विस्मरण बहुतांशी पहिल्या वर्षातच होते आणि त्यानंतर आठवण स्थिरावते. मात्र तोवर तिच्यात शिरलेली चूकही तिच्याबरोबर स्थिरावते.

असे का होते, याचे एक कारण अगदी घरगुती आहे. अशी गोष्ट आपण सांगतो. जेवताना, लग्नघरात, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला, आणि दर वर्षी त्या तारखेला. सांगताना तिला सुरुवात आणि शेवट मिळतो, फाफटपसारा गळतो, आणि पुढच्या वेळी आपल्याला आठवतो तो बव्हंशी मागच्या वेळी सांगितलेला किस्सा. दुसरे कारण असे, की मोठी बातमी एकदाच कळत नाही. आधी कुजबुज, मग खात्री, मग चित्रे, मग नावे. पुढे मन यांतला सर्वांत ठसठशीत क्षण उचलते आणि त्यालाच पहिला क्षण मानते. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी ॲम्स्टरडॅममध्ये मालवाहू विमान एका निवासी इमारतीवर कोसळले. ते कोसळतानाचे चित्रीकरण उपलब्धच नव्हते, तरी पुढे एका पाहणीत ‘तुम्ही ते टीव्हीवर पाहिले का’ असे विचारल्यावर निम्म्याहून अधिक डच सहभागींनी होकार दिला.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे ठरेल. डेन्मार्कवर जर्मनीने एप्रिल १९४० मध्ये आक्रमण केले आणि मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला. डोर्थ बर्नत्सेन आणि डोर्थ थॉमसन यांनी वृद्ध डॅनिश नागरिकांना त्या दिवसांचे हवामान, वार आणि वेळ विचारून ती उत्तरे जुन्या दप्तरांशी ताडून पाहिली. सहा दशकांनंतरही पुष्कळांची उत्तरे बरोबर निघाली. नाझीविरोधी चळवळीशी ज्यांचा संबंध होता त्यांची तर अधिक.

३० जानेवारी १९४८ : भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, या स्मृतीचा सर्वांत मोठा साठा या तारखेभोवती आहे. शुक्रवार होता. सायंप्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर पाचनंतर काही मिनिटांतच गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या संध्याकाळीच आकाशवाणीवरून वार्ता देशभर गेली. रात्री पंडित नेहरू रेडिओवर बोलले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेचे धावते वर्णन मेलविल डी मेलो यांनी तासन्‌तास केले.

पण रेडिओ होता कितीजणांकडे? स्वातंत्र्याच्या वेळी भारतात आकाशवाणीची अवघी सहा केंद्रे होती. मराठी मुलखात मुंबई हे त्यांतले एकच. पुण्याचे केंद्र तर १९५३ मध्ये निघाले. संच एखाद्या वाड्यात, एखाद्या हॉटेलात, एखाद्या वकिलाकडे. त्यामुळे बहुतेकांना बातमी माणसाच्या तोंडून कळली. त्या पिढीच्या आठवणींत बातमी आणणारा माणूस इतका स्पष्ट का असतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी यात आहे. धावत आलेला मुलगा, सायकलवरून उतरलेले मास्तर, फळ्या लावून दुकान बंद करणारा वाणी. वेळही पुष्कळदा दिवेलागणीची सांगितली जाते आणि ती घटनाक्रमाशी जुळते.

महाराष्ट्रात या आठवणीला दुसरा थर आहे. मारेकरी नथुराम गोडसे पुण्यातून ‘हिंदू राष्ट्र’ हे पत्र चालवणारा, चित्पावन ब्राह्मण होता. हे कळल्यावर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत आणि खेड्यापाड्यांत ब्राह्मणांच्या घरांवर, दुकानांवर हल्ले झाले. घरे जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मुंबईत सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायण सावरकर दगडफेकीत गंभीर जखमी झाले. या दिवसांना लोक आजही ‘अठ्ठेचाळीसचं जळीत’ म्हणतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच काळावर आहे.

म्हणून ‘गांधी गेले तेव्हा तुम्ही कुठे होता?’ या एकाच प्रश्नाची उत्तरे गावच्या दोन आळ्यांतून वेगवेगळी येतात. एका घरात चूल पेटली नाही याची आठवण आहे. दुसऱ्या घरात सगळे घर पेटले त्याची. गांधीजींसाठी रडणाऱ्या घराला दोन दिवसांनी मागच्या दाराने पळावे लागले, अशीही कुटुंबे आहेत, आणि त्यांच्या आठवणीत दोन्ही दुःखे एकमेकांत गुंतलेली असतात. गांधीजी गेल्याचे कळणे, मारेकऱ्याचे नाव कळणे आणि जमाव येणे या तीन वेगळ्या वेळच्या गोष्टी होत्या. सांगताना त्या एका रात्रीत येऊन बसतात. ऐकणाऱ्याने ही सरमिसळ सोडवून पाहावी, पण तिच्यावरून सांगणाऱ्याला खोटे ठरवू नये. त्या घराच्या दृष्टीने ते सारे एकच घडले होते.

६ डिसेंबर १९५६ : ब्राउन आणि कुलिक यांचे किंग यांच्याविषयीचे निरीक्षण महाराष्ट्राला समजून घ्यायचे असेल तर ही तारीख पाहावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दिल्लीत निधन झाले, पार्थिव विमानाने मुंबईस आणले गेले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर लाखोंच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले. नागपूरला १४ ऑक्टोबरला झालेल्या धम्मदीक्षेला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. ही हत्या नव्हती, पण ज्या वस्त्यांनी नुकताच नवा जन्म घेतला होता त्यांच्यावर कोसळलेला आघात तसाच होता. तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारले, तर मुंबईची गाडी कशी गाठली, तिकिटाचे पैसे कोणी दिले, कोण वाटेतच राहिले, हे सांगतात. त्याच शहराच्या दुसऱ्या भागात त्याच वयाच्या माणसाला त्या दिवसाचे काही आठवत नाही. राष्ट्रीय शोकाला राष्ट्रातल्या किती घरांची दारे उघडी होती, हे इथे जितके स्पष्ट दिसते तितके सरकारी दुखवट्याच्या आदेशांवरून दिसत नाही.

पुढच्या घटना व माध्यमे : इंदिरा गांधींवर ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या, सरकारी माध्यमांनी मृत्यूची अधिकृत वार्ता संध्याकाळी दिली. मधल्या वेळात बीबीसी आणि अफवा, दोन्हींनी काम केले. त्यामुळे या दिवसाच्या आठवणींत ‘आम्हांला आधीच कळलं होतं’ हे वाक्य वारंवार येते आणि ते पुष्कळदा खरे असते. किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून लोक नुकते आडवे झाले होते. त्यामुळे दूरच्या शहरांतही ती पहाट गणपती विसर्जनाला जोडून आठवली जाते.

मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ लोक मेले. त्या दिवशी मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवर स्फोटांची ठिकाणे सांगताना मस्जिद बंदर हे मुस्लिमबहुल, स्फोट न झालेले ठिकाणही सांगितले. दंगल भडकू नये म्हणून आपण ते मुद्दाम केले, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. कोणाच्या आठवणीत तिथला स्फोट असेल, तर ती चूक त्याच्या स्मरणशक्तीची म्हणता येणार नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पुष्कळ घरांत टीव्ही आधीच चालू होता, कटकला भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना असल्यामुळे. पुढचे तीन दिवस हल्ला थेट दिसत राहिला. बातमी आणणारा माणूस या आठवणींतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याच्या जागी पडदा आणि ‘तू कुठे आहेस?’ असे विचारणारा फोन आला.

नोंदवण्याची रीत : मौखिक इतिहासाचे काम करणाऱ्यांनी अशी आठवण घेताना घटनेचे वर्णन आधी स्वतः करू नये, तारीखही शक्यतो सांगणाऱ्यालाच सांगू द्यावी. हवा, वार, उजेड, रेडिओवरचा कार्यक्रम, सामना, सण या गोष्टी विचाराव्यात, कारण त्या पंचांगाशी, वर्तमानपत्राच्या फायलींशी, दप्तरांशी ताडता येतात. मुलाखतीची तारीख आणि सांगणाऱ्याचे घटनेच्या वेळचे वय लिहून ठेवावे. घरातल्या दोघांना वेगवेगळे विचारावे, आणि दोघांची हकिकत जुळली नाही तर दोन्ही तशाच ठेवाव्यात. १९४८ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत किंवा तो ओलांडून गेली आहेत. त्यांच्या गावी जाऊन, दोन्ही आळ्यांत बसून ऐकण्याचे काम याच काही वर्षांत होऊ शकेल.