भय, रहस्य आणि किशोरवाचक : जबलपूरच्या संदर्भात

मराठी बालसाहित्यात भयाचे आगमन नीतीचे बोट धरून झाले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ १८२८ साली निघाली; ‘वेताळपंचविशी’ही त्यांनी मराठीत आणली. स्मशान, प्रेत आणि मध्यरात्र ही सारी सामग्री तीत आहे. तथापि वेताळ राजाला केवळ भिववीत नाही. तो त्याला प्रश्न विचारतो. भयाची परिणती विचारात व्हावी, हे या परंपरेचे मर्म होय. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’ने हीच चौकट घरोघरी नेली.

विसाव्या शतकात दुसरा प्रवाह येऊन मिळाला. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक रहस्यकथा प्रौढांसाठी होत्या. मुलांनी त्या पाठ्यपुस्तकाआड दडवून वाचल्या. या भुकेला उजळ माथ्याचे अन्न दिले ते भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१). फुरसुंगीचा बनेश, ऊर्फ फास्टर फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवरून हिंडतो आणि संशय आला की माग काढतो. वेताळाच्या प्रश्नाची जागा येथे पुराव्याने घेतली. १९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ सुरू केले, तेव्हा या वयाच्या वाचकाला स्वतंत्र नावच मिळाले.

पण निखळ गूढकथा या वयापर्यंत क्वचितच पोहोचली. रत्नाकर मतकरींचे उदाहरण बोलके आहे. ‘अलबत्या गलबत्या’तील त्यांची चेटकीण मुलांना हसवते, त्यांच्या गूढकथा मात्र मोठ्यांसाठी. नारायण धारपांची भयकथाही प्रौढांचीच. दहा ते चौदा वर्षांचा वाचक या दोन फळ्यांच्या मधोमध उभा राहिला. त्याला कारण होते. आगरकरांपासून नरेंद्र दाभोलकरांपर्यंत चाललेल्या अंधश्रद्धाविरोधी विचाराने सुशिक्षित पालकांना भुताविषयी सावध केले. ही सावधगिरी योग्यच; परंतु तीतून भयालाच हद्दपार करण्याची वृत्ती बळावली. वस्तुतः अंधारात काय आहे हे दिवा घेऊन पाहावयास लावणारी कथा विवेकाची वैरीण नसून सहकारी असते.

जबलपूरच्या संदर्भात हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. सागरच्या मराठ्यांकडे १७८१ मध्ये आलेला हा प्रदेश १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला आणि जबलपूर हिंदीभाषक मध्यप्रदेशात राहिले. महाराजपुरापर्यंत पसरलेल्या या नगरातील मराठी मुलाला शाळेत प्रामुख्याने हिंदी वा इंग्रजी भेटते. मराठी घरापुरती उरते. अशा मुलाने मराठी पुस्तक आपणहून उघडावे, तर पुढे काय झाले याची ओढ हवी. ती ओढ रहस्यकथेइतकी दुसरे काही क्वचितच लावते.

सामग्रीची येथे वाण नाही. भेडाघाटचे दहाव्या शतकातील चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे, खडकावर उभा मदनमहाल आहे. १८३० च्या दशकात स्लीमनने येथूनच ठगांविरुद्धची मोहीम चालविली. माफीच्या साक्षीदारांचे जबाब, वंशावळ्या, नकाशे यांचा संग्रह केला. त्या जबाबांवर कितपत विसंबावे, याविषयी आधुनिक इतिहासकारांत मतभेद आहेत. साक्ष कोणाची आणि ती कोणी लिहून घेतली, हा इतिहासाचा प्रश्न रहस्यकथेचाही आहे.

सत्यजित राय यांनी १९७३ मध्ये फेलूदाला वेरूळच्या लेण्यांत आणले आणि मूर्तिचोरीच्या कथेतून आपल्या बंगाली वाचकांना कैलास लेण्याचे दर्शन घडविले. फेलूदाच्या कथा पुढे अशोक जैन यांनी मराठीत आणल्या. वेरूळ महाराष्ट्रात असूनही हा मार्ग बंगालीने दाखविला. नर्मदेच्या संगमरवरी कड्यांनाही मराठीत असा किशोरनायक लाभला, तर तो एका कथेचे कोडे सोडवीलच. शिवाय परप्रांतातील एका पिढीला आपल्या भाषेत प्रश्न विचारण्याची सवय लावील.