इसाराची कुळकथा : विज्ञानेश्वराच्या अंगठीपासून तेंदूच्या फळीपर्यंत

सौदा ठरला, परंतु माल अद्याप हाती आलेला नाही, अशा मधल्या काळात खरेदीदार विक्रेत्याच्या हाती जी रक्कम ठेवतो, तिला मराठीत इसार, विसार, बयाणा, आगाऊ किंवा अनामत अशी वेगवेगळी नावे आहेत. बाजारात यायची असलेली स्पोर्ट्स कार न पाहताच तिच्यासाठी लाखो रुपये गुंतवणारा शहरातील शौकीन आणि गडचिरोलीच्या जंगलातील तेंदूची पाने झाडावर फुटण्यापूर्वीच त्यांच्यासाठी रक्कम भरणारा व्यापारी हे वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरचे वाटतात. तथापि दोघांचा व्यवहार एकाच जुन्या प्रथेवर उभा आहे आणि तिची कुळकथा निदान दीड हजार वर्षे मागे जाते.

या प्रथेचे संस्कृत नाव ‘सत्यंकार’ असे आहे. सत्य करणे, म्हणजे तोंडी दिलेला शब्द खरा करून दाखवणे, हा त्याचा अर्थ असून ‘सत्य’ आणि ‘कार’ यांच्यामध्ये अनुस्वार का येतो याचा नियम पाणिनीने सांगितला आहे, तर अमरकोशाने हा शब्द व्यापाराशी संबंधित वैश्यवर्गात नोंदवला आहे. जुन्या मराठीतील ‘संचकार’ हा इसारवाचक शब्द याच सत्यंकारापासून आलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सत्यंकार म्हणून ठेवलेल्या द्रव्याबद्दल दुप्पट परतफेडीचा नियम आहे आणि त्यावर मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने या नियमाची दोन अंगे स्पष्ट केली आहेत. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याण परिसरातील राजवटीच्या काळातला पंडित होता. त्याने दिलेले उदाहरण अंगठीचे आहे : खरेदी-विक्रीचा ठराव पाळला जावा म्हणून एकाने दुसऱ्याच्या हातात अंगठीसारखी वस्तू ठेवावी, अंगठी देणाराच ठराव मोडील तर त्याने ती गमवावी, आणि घेणारा मोडील तर त्याने तिच्या दुप्पट परत करावे. बोटातून काढलेली एक अंगठी दोन्ही पक्षांना सारखीच बांधून ठेवते, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

पश्चिमेकडेही याच विचाराने वेगळ्या वाटेने तीच जागा गाठलेली दिसते. रोमन कायद्यात या रकमेला ‘आर्रा’ म्हणत, आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या संहितेने नियम घातला की खरेदीदार माघार घेईल तर त्याने दिलेले गमवावे, विक्रेता माघार घेईल तर त्याने दुप्पट द्यावे. मराठीतील पुढचे शब्द मात्र फारसी-अरबी दरबारी व्यवहारातून आले. ‘बयाणा’ हा विक्री या अर्थाच्या अरबी ‘बै’ शब्दापासून झाला, तर ‘अनामत’ हे विश्वासाने सोपवलेली वस्तू अशा अर्थाच्या ‘अमानत’ शब्दाचे, वर्णांची अदलाबदल होऊन मराठीत रुळलेले रूप आहे. या दोन शब्दांतील भेद सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे, कारण बयाणा हा सौद्याचा भाग असतो, तर अनामत ही दुसऱ्याकडे विश्वासाने राहिलेली, परत मागता येणारी रक्कम असते. ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायपीठ असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९२६ मध्ये दिलेल्या एका निर्णयात हीच बाब कायद्याच्या भाषेत मांडली गेली : सौदा पूर्ण झाला तर इसार किमतीत वळता होतो, आणि खरेदीदाराच्या चुकीने तो फिसकटला तर इसार जप्त होतो. विक्रेता चुकला तर दुप्पट परत, हे मिताक्षरेतील दुसरे अंग मात्र व्यवहारातून हळूहळू गळून पडले आणि विक्रेत्याने केवळ घेतलेली रक्कम परत करणे पुरेसे मानले जाऊ लागले.

यंत्रयुगातील वाहनांच्या विक्रीने या एकांगी इसाराला घरोघरी पोहोचवले. परवान्यांच्या काळात स्कूटरची मागणी उत्पादनापेक्षा कितीतरी अधिक होती; आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून निघू लागलेल्या बजाज चेतकसाठी अनेक वर्षांची प्रतीक्षायादी असे, आणि यादीत नाव राहावे म्हणून रक्कम गुंतवून ठेवावी लागे. १९८३ च्या एप्रिल ते जून या दोन महिन्यांत मारुती मोटारीसाठी प्रत्येकी १०,००० रुपये भरून सुमारे १ लाख ३५ हजार लोकांनी नोंदणी केली, त्या वेळी एकही मारुती रस्त्यावर आलेली नव्हती. पहिली मोटार ग्राहकाला मिळाली ती त्या वर्षी १४ डिसेंबरला. २००९ च्या एप्रिलमध्ये टाटांच्या नॅनोसाठी २ लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या, पहिल्या लाखभर ग्राहकांची निवड सोडतीने करावी लागली, आणि पहिली नॅनो १७ जुलै रोजी मुंबईत ग्राहकाच्या हाती पडली. शौकाच्या मोटारींत ही प्रथा आणखी पुढे गेली. टेस्ला कंपनीने २०१७ मध्ये नव्या रोडस्टर या स्पोर्ट्स कारची घोषणा करून ५० हजार डॉलरांची, आणि विशेष आवृत्तीसाठी संपूर्ण अडीच लाख डॉलरांची आगाऊ रक्कम स्वीकारली व २०२० हे उत्पादनाचे वर्ष सांगितले. २०२४ संपेपर्यंत ती मोटार कोणाही ग्राहकाच्या हाती आलेली नव्हती. घरांच्या बाबतीत महाराष्ट्राने १९६३ च्या कायद्याने नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक आगाऊ घेण्यास मनाई केली आणि पुढे २०१६ च्या केंद्रीय कायद्याने ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली, यावरून विक्रेत्याच्या हाती साचलेल्या आगाऊ रकमेला लगाम हवा, ही जाणीव कायद्यालाही झालेली होती, हे दिसते.

या सर्व उदाहरणांत विक्रेता बलाढ्य आणि खरेदीदार एकटा आहे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलात हे चित्र उलटे होते, आणि म्हणूनच इसाराचा मूळ हेतू तेथे अधिक स्वच्छ दिसतो. विडी वळण्यासाठी लागणारे तेंदूचे पान वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळते. उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपांची छाटणी, म्हणजे बेलकटाई, केली जाते. त्यानंतर फुटलेली कोवळी पाने मे महिन्याच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे जंगलात जाऊन तोडतात, दुपारी घराच्या सावलीत बसून ७० पानांचा एक पुडा याप्रमाणे मोजून सालीच्या वाखाने बांधतात आणि फळीवर, म्हणजे पुडे मोजून वाळत घालण्याच्या उघड्या जागेवर, नेऊन देतात. अशा १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरली जाते, म्हणजे एका गोणीत ७०,००० पाने असतात, आणि त्यांतील प्रत्येक पान कोणाच्या तरी बोटांनी मोजलेले असते. एकदा तोडलेले पान परत झाडावर लावता येत नाही, पावसात भिजले तर डागाळते, आणि हंगाम संपला की नवे मिळत नाही. त्यामुळे व्यापारी ऐन वेळी फिरला तर गावाचे नुकसान भरून निघत नाही.

महाराष्ट्र वनउपज (व्यापार विनियमन) अधिनियम, १९६९ अन्वये तेंदूचा व्यापार शासनाच्या हाती होता. वनविभाग जंगलाचे घटक पाडून, पाने येण्यापूर्वीच निविदा मागवी, आणि निविदेसोबत बयाणा रक्कम भरावी लागे. ती रक्कम शासनाकडे जमा होई आणि पाने तोडणाऱ्याचा तिच्याशी थेट संबंध नसे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाची मालकी ग्रामसभांना दिली. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर २०१३ च्या हंगामापासून गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूची विक्री स्वतः करू लागल्या : जाहिरात देणे, बोली उघडणे, करारनामा लिहिणे आणि आगाऊ रक्कम ग्रामसभेच्या बँक खात्यात जमा करून घेणे, हे सारे गावात होऊ लागले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या गावाला २०१२ मध्ये असाच हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने मात्र पानांसाठी झाडांची छाटणी होते आणि वणवे लागतात म्हणून तेंदूपत्ता न विकता बांबूच्या विक्रीवर भर दिला. विकायचे की नाही, हा निर्णय विक्रेत्याचा असणे हेही इसाराच्या व्यवहारातील सामर्थ्यच आहे.

या नव्या व्यवस्थेची कसोटी भावपडीच्या हंगामांत लागली. बाजार उतरल्यावर काही व्यापाऱ्यांनी ठरलेली रक्कम थकवली, आणि तेव्हा इसाराच्या रकमेचे महत्त्व गावांना नव्याने कळले. ज्या करारात आगाऊ रक्कम नाममात्र असते, त्यात व्यापाऱ्याला भाव पडताच पाठ फिरवणे स्वस्त पडते. ज्यात ती पुरेशी असते, त्यात शब्द पाळणेच त्याच्या फायद्याचे ठरते. म्हणून इसार किती असावा याचे उत्तर प्रथेत किंवा कायद्यात ठरलेल्या एखाद्या टक्केवारीत शोधण्यापेक्षा, शब्द मोडल्यास दुसऱ्या पक्षाचे किती नुकसान होईल या प्रश्नात शोधले पाहिजे.

इसार ही मुळात विक्रेत्याची मिळकत नसून दोघांनी मिळून विश्वासाला घातलेली गाठ आहे, हा या कुळकथेचा निष्कर्ष होय. विज्ञानेश्वराच्या अंगठीत दोन्ही बाजूंची जबाबदारी होती. मोटारींच्या नोंदणीत तिची एक बाजू हरवली, आणि तेंदूच्या फळीवर ती कशासाठी असते हे पुन्हा दिसले. म्हणून ग्रामसभांनी करारनामा करताना हंगामाआधी पुरेशी रक्कम खात्यात जमा झाल्याखेरीज बेलकटाई सुरू करू नये, आणि न आलेल्या वाहनासाठी अनामत भरणाऱ्या ग्राहकानेही पावतीवर एकच गोष्ट आधी पाहावी : विक्रेता चुकला तर तो काय गमावणार आहे, हे तेथे लिहिले आहे की नाही.